सीझरची आकडी आणि आपली 'चक्कर'



गेल्या महिन्यात आमच्या अर्विंगच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दहावीतली लेक शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' वाचत होती. मी पोळ्या लाटत होते. एकदम म्हणाली, "आई, सीझरला माझ्यासारख्या फिट्स यायच्या!"

कॉलेजात वाचलेलं नाटक पुन्हा उघडलं. अँटनी तीनदा मुकुट पुढे करतो, सीझर नाकारतो आणि भर बाजारात तोंडाला फेस येऊन कोसळतो. त्याआधीच कॅशियसने टायबर नदीत सीझर कसा दमला, स्पेनमध्ये तापाने कसा थरथरला, हे ब्रूटसला रंगवून सांगितलेलं असतं. असला दुबळा माणूस आपल्यावर राज्य करणार? सीझरचा डावा कान बहिरा, ही तर शेक्सपिअरच्या पदरची भर! प्लूटार्कने मात्र लिहिलं आहे, की सीझरने आजाराची सबब न सांगता मोहिमांच्या दगदगीलाच औषध मानलं.

"मग आपण मंडळात 'चक्कर येते' असं का सांगतो?" लेकीने विचारलं.

मला उत्तर सुचेना. माझ्या मामाला आकडी यायची. घरात कांदा, चप्पल हुंगवत. बाहेर 'पित्त' म्हणून सांगत. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातही अपस्मार ही लग्नातली अडचण ठरली होती. १९९९ मध्ये तो शब्द कायद्यातून गेला. आमच्या घरातून काही गेला नाही.

म्हणून आज सांगते: माझ्या मुलीला अपस्मार आहे. रोज गोळ्या घेते, आठ महिन्यांत झटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात.

कार्यक्रमात कुणाला झटका आला तर घड्याळ बघा, कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा. तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबला नाही, तर ९११. गोळ्या मनाने बंद करू नका. भारतात जाताना पुरेशा गोळ्या हातातल्या सामानात ठेवा.

पैशाचंही बघा. २०१४ पासून मार्केटप्लेसवरच्या आरोग्य विम्यात जुन्या आजारामुळे नकार देता येत नाही, जास्त हप्ताही लावता येत नाही. भेटीला येणाऱ्या आईवडिलांच्या विम्याला मात्र हा नियम नाही. अटी नीट वाचा. आयुर्विम्याच्या अर्जात आजार लपवू नका. पहिल्या दोन वर्षांत दावा आला तर कंपनी अर्ज तपासते, आणि लपवलेलं निघालं तर घरच्यांना पैसे मिळत नाहीत.

नाटकात शुद्धीवर आल्यावर सीझर स्वतःच लोकांना सांगतो, की हे आजारामुळे झालं. समोरच्या बायाबापड्या त्याला लगेच माफ करतात. आजाराचं भांडवल करतात ते मागे कुजबुजणारे.

पुढच्या कार्यक्रमात लेक भेटेल, तेव्हा तिला खुशाल विचारा. ती सांगेल.