नऊ मीटरची चढण

ऑगस्टमधली सकाळ. मुंबईच्या टोकाचं प्राँग्जचं दीपगृह मागे टाकून पायलटची लाँच बाहेर आली की समुद्र तिला हातात घेऊन खेळवायला लागतो. समोरून मालवाहू जहाज येतंय. ते थांबत नाही. पार थांबलेलं जहाज सुकाणूला जुमानत नाही, म्हणून रमतगमत सायकल मारावी तेवढ्या चालीनं ते पुढे सरकत राहतं. वाऱ्याला आपली एक बाजू द्यायला जरासं वळतं, त्याच्या आडोशाला बऱ्यापैकी शांत पाण्याची एक पट्टी तयार होते आणि लाँच त्या पट्टीत शिरते. आता डोक्यावर फक्त लोखंडाची भिंत, गंजाचे ओघळ आलेली. त्या भिंतीवर लोंबतेय दोरांची, लाकडी पायऱ्यांची एक शिडी.

जहाज दोन-अडीचशे मीटर लांब असेल, त्याच्या ब्रिजवर, म्हणजे ते जिथून चालवतात तिथे, उपग्रहाशी बोलणारी यंत्रं असतील. पण खाडीतला गाळ, भरतीचा ओढा, खडक कुठे आणि वळण कुठे याची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस, म्हणजे पायलट, त्याला बंदरात नेणार, आणि तो माणूस वर जाणार या शिडीनंच.

चढण्याचा पहिला धडा एकच. लाँच लाटेवर सगळ्यात उंच आली की शिडी धरायची. त्या क्षणी पाय उचलला तर लाँच खाली जाते आणि माणूस शिडीवर मोकळा उरतो. लाँच खाली असताना उचलला तर पुढची लाट तिला वर उचलून त्याच्या पायांवर आणते. विचार करायला सवड एका श्वासाची. हातांनी पायऱ्या धरायच्या नाहीत, बाजूचे दोर धरायचे. बॅग खांद्याला लावायची नाही, ती मागून दोरीनं वर येते.

शिडीकडे पाहून वाटतं, गावच्या विहिरीत उतरायला कुणीतरी घाईनं बांधली असावी. खरं तर हिची एकेक फळी आंतरराष्ट्रीय कायद्यात मोजून ठेवलेली आहे. समुद्रावरच्या सुरक्षेचा 'सोलास' नावाचा करार आहे. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली तो पहिल्यांदा झाला, आज चालतो तो १९७४ चा. त्याच्या पाचव्या प्रकरणातला तेविसावा नियम निव्वळ पायलटला जहाजावर कसं घ्यायचं याबद्दल आहे. मला विचाराल तर जहाजावरच्या वस्तूंत सगळ्यात जास्त विचार करून घडवलेली वस्तू ही शिडीच. वाईट एवढंच की जहाजाच्या आराखड्यात तिची आठवण बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी होते.

पायरीपासूनच सुरुवात करू. ती ॲश, ओक, साग अशा कठीण लाकडाची, एकसंध, गाठ नसलेली हवी. दोन दोरांच्या मधे तिची लांबी किमान ४०० मिलिमीटर, म्हणजे बूट घातलेली दोन पावलं शेजारी शेजारी मावतात. रुंदी ११५, जाडी २५. दोन पायऱ्यांमधलं अंतर ३१० ते ३५० मिलिमीटर, घरच्या जिन्याच्या जवळजवळ दुप्पट. पण त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की अंतर वरपासून खालपर्यंत एकसारखं हवं. रात्रीच्या पावसात पाय पायरी बघत नाही, आधीच्या पायरीच्या हिशेबानं पुढची शोधतो.

तळाच्या चार पायऱ्या रबराच्याही चालतात, कारण लाँच अंगाला येऊन धडकते ती तिथेच. लाकूड तिथे चिरतं, रबर दबून परत उभं राहतं. तळापासून पाचवी पायरी मात्र वेगळी. ती १.८ मीटर लांब, दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखी बाहेर आलेली. तिला स्प्रेडर म्हणतात, आणि ती नसती तर जहाज झुलताना सगळी शिडी माणसासकट पीळ घेऊन उलटी फिरली असती, पाठ लोखंडाला आणि तोंड समुद्राकडे. ती पाचवी का, दुसरी-तिसरी का नाही? कारण एवढी लांब फळी खाली असती तर लाँचच्या कठड्यात अडकली असती, आणि पुढच्या लाटेला लाँचनं शिडी ओढून काढली असती. तिच्यावर मग दर नऊ पायऱ्यांच्या आत असाच एक स्प्रेडर येत राहतो.

दोर प्रत्येक बाजूला दोन, किमान १८ मिलिमीटर जाडीचे. यातली मला सगळ्यात आवडलेली अट म्हणजे हे दोर उघडे हवेत, त्यांना कसलंही वेष्टण नको. वेष्टणाखाली दोर आतून कुजला तर कुणाला कळणार? लाकडाचंही तेच. जहाजावर गंजाशी रोजची झुंज असल्यामुळे रंगाचा डबा कायम उघडाच असतो, पण शिडीच्या पायऱ्यांना रंगाचा ब्रश लागू द्यायचा नाही. रंगाखाली चीर लपते. दोर पारंपरिक मनिलाचा, म्हणजे फिलिपिन्समधल्या अबाका नावाच्या, केळीच्या कुळातल्या झाडाच्या तंतूंचा. ओल्या हाताला तो नायलॉनसारखा सुळकन निसटत नाही. शिडीच्या दोन्ही अंगांना पायलटनं मागितले तर धरायला आणखी दोन जाड दोर सोडतात, २८ ते ३२ मिलिमीटरचे. ३२ च्या पुढे नाही, कारण दोर मुठीत मावला पाहिजे.

एवढं ऐकून कुणीही विचारेल की या काळात दोराची शिडी कशाला? यंत्र का नाही? यंत्र होतं. जहाजाच्या बाजूवरून पायलटला पाळण्यासारखं वर खेचणारे होइस्ट वापरात होते. देखभाल झाली नाही की ते अडकायचे, आणि अडकलेल्या यंत्रावर लोंबकळणाऱ्या माणसाला ना वर जाता येतं ना खाली. १ जुलै २०१२ पासून त्यांच्यावर बंदीच आली. ताठ लोखंडी शिडीचं तर नावच नको. जहाज आणि लाँच यांच्या मधे ती एकाच लाटेत वाकली असती. दोर दबतो, लवतो, जहाजाच्या पोटाला चिकटून राहतो. लाकूड आणि काथ्याच्या काळातली ही वस्तू टिकली ती जुन्याच्या प्रेमापोटी नाही; लाटेला आणि लोखंडाला एकाच वेळी तोंड देणारं दुसरं काही अजून कुणी काढलेलं नाही.

मग माणसं पडतात कशी? बऱ्याचदा दोष वर असतो, डेकवर, जिथे पायलटची नजर पोचत नाही.

अडचण मुळात अशी. रिकामं जहाज पाण्यातून उंच उठतं, भरलेलं खाली बसतं, त्यामुळे शिडी कधी आठ मीटर सोडायची असते तर कधी तीन. शिडी असते तेवढीच लांब. म्हणून तिला वरच्या टोकाला न बांधता मधेच कुठेतरी धरावं लागतं. बरोबर रीत म्हणजे बाजूच्या दोरांवर दुसऱ्या मजबूत दोरानं घट्ट आवळणारी गाठ मारायची आणि तो दोर डेकवरच्या पक्क्या कड्याला न्यायचा. गाठ दोराला चावते आणि सगळा भार दोरावरच राहतो. सोपी रीत म्हणजे एक लोखंडी डी-शॅकल दोराभोवती अडकवायची आणि ती पायरीखाली जाऊन अडली की काम झालं म्हणायचं. दिसायला हे जास्त भक्कम. पण आता शिडीचा आणि माणसाचा सगळा भार त्या एका पायरीवर आणि तिला जागेवर ठेवणाऱ्या बारीक बांधणीवर येतो. ती बांधणी पायरी आडवी राहावी म्हणून असते, माणूस तोलायला नसते. दोन-चारदा धकतं. एके दिवशी बांधणी सरकते आणि अख्खी शिडी झटक्यानं हातभर खाली येते.

हे सगळं एका पोस्टरवर चित्रांसकट छापलेलं आहे आणि ते पोस्टर जहाजाच्या ब्रिजवर लावलेलं असतं. शिडी बांधायची जागा तिथून दीड-दोनशे मीटर लांब असू शकते.

जहाजांची उंची वाढली तसा दुसरा प्रश्न आला. पायलटनं दोराच्या शिडीवर चढायचं ते जास्तीत जास्त ९ मीटर, साधारण तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत. बाजू त्याहून उंच असेल तर जहाजाचा ॲल्युमिनियमचा जिना, अकोमोडेशन लॅडर, तिरका खाली सोडायचा. त्याचा खालचा फलाट पाण्यापासून किमान ५ मीटर वर, उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नाही, तोंड जहाजाच्या मागच्या बाजूला. दोराची शिडी त्या फलाटाच्या शेजारून आणखी २ मीटर वर गेलेली हवी, म्हणजे माणूस शिडीवर उभा राहून आडवं पाऊल टाकून जिन्यावर येतो.

काही जहाजांवर या फलाटाला मधे चौकोनी झडप असते आणि शिडी तिच्यातून वर येते. नियमाप्रमाणे ती झडपेतून फलाटाच्या कठड्याएवढी वर यायला हवी. जिथे शिडी नुसती फलाटाखाली लोंबत ठेवलेली असते, तिथे माणसाला शेवटच्या पायरीवरून भोकातून अंग वर खेचावं लागतं, हाताशी दोर नसताना, आणि खाली पाच-सात मीटरवर लाँचचा डेक. २०१९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सँडी हुक पायलटांपैकी एका अनुभवी माणसाचा झडपेच्याच अशा मांडणीवरून पडून मृत्यू झाला. त्यानंतर या झडपांविषयीची चर्चा जगभरच्या बंदरांत तापली. आयुष्यभर शिड्या चढलेल्या माणसाची चूक शोधण्यात काही हशील नाही. ते भोक कागदावर आखलं गेलं तेव्हाच गोष्ट बिघडली होती.

धक्क्याला लागल्यावर जहाजातून धक्क्यावर टाकतात तो गँगवे त्या मानानं साधा. माणसं उतरतात, चढतात, त्यात काय? पण मुंबईत मोठ्या उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं. बंद गोदीत, म्हणजे १९१४ साली ॲलेक्झांड्रा या नावानं सुरू झालेल्या आजच्या इंदिरा डॉकमध्ये, दरवाजे पाणी धरून ठेवतात. उघड्या धक्क्यावर जहाज पाण्याबरोबर चढतं आणि सकाळी सपाट असलेला गँगवे दुपारी उभी चढण होतो. म्हणून गँगवेला ३० अंशांची मर्यादा आणि धक्क्यावर उतरवलेल्या अकोमोडेशन लॅडरला ५५ ची. १२ मीटरचा गँगवे ३० अंशांत ६ मीटरच उंची गाठतो; त्यापुढे जहाज वर गेलं तर दुसरी सोय बघावी लागते.

पण उतार बदलला की पायऱ्यांचं काय? सपाट पायरी एकाच कोनाला सपाट असते, बाकी सगळ्या कोनांना ती घसरगुंडी. यावर काढलेली युक्ती एखाद्या सुताराला सुचावी इतकी साधी आहे. पायरीचा माथा गोलाकार, कासवाच्या पाठीसारखा घ्यायचा. जिना कसाही कलला तरी त्या गोलाईचा कुठला तरी भाग पावलाखाली आडवा येतोच. दुसरी युक्ती म्हणजे सगळ्या पायऱ्या एका दांड्याला जोडायच्या, म्हणजे जिना कलला की त्या आपोआप सपाट होतात. ही जास्त सुखाची, पण तिचे सांधे खाऱ्या हवेत जाम होतात. मी गोल पायरीच्या बाजूचा. जिच्यात फिरणारा भागच नाही ती अडकणार कशी?

कोकणातल्या वाचकाला यातलं बरंच काही नवं वाटणार नाही. मुंबईहून निघालेली आगबोट देवगडसारख्या बंदरांत खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव माणसं घेऊन जायचे. आगबोट हलतेय, पडाव हलतोय, दोघांची लय वेगळी, आणि त्या दोन लयींच्या मधल्या क्षणी लुगडं सावरत, कडेवरचं मूल खलाशाच्या हाती देत बायका वर चढायच्या. खलाशी मनगट धरून खेचायचा. पायलटच्या शिडीचा पहिला धडा त्यांना कुणी शिकवला नव्हता. पावसाळ्यात आगबोटी बंद राहायच्या, एवढी तरी शहाणी सोय तेव्हा होती. आजही घारापुरीहून गेटवेला परतताना लाँच लाँचला लागतात आणि आपण एकीच्या कठड्यावरून दुसरीत पाय टाकतो. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली तेव्हा गाडी थेट आत गेल्याचं कौतुक झालं. मला जास्त कौतुक तिथल्या तरंगत्या फलाटाचं वाटलं. तो बोटीबरोबरच चढतो-उतरतो, त्यामुळे म्हातारं माणूसही हात न धरता आत जातं.

शिड्या बांधणाऱ्या माणसांतही आपली माणसं जुनी आहेत. जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाला सारंग म्हणतात, आणि ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींपासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराघरांत असा एखादा सारंग होऊन गेला. पायलट वर येण्याआधी शिडी कुणी लावली, हे विचारलं तर उत्तर बहुधा त्याच्याशीच येऊन थांबतं. नियमानं वर एका अधिकाऱ्यानं उभं राहायचं असतं, हाताशी दिवा लावलेलं लाइफबॉय आणि फेकायची दोरी ठेवून.

नियम आता आणखी कडक होतोय. १ जानेवारी २०२८ पासून लागू होणाऱ्या दुरुस्तीत शिडीला वय आलं. ठरलेली मुदत संपली की ती धडधाकट दिसली तरी काढून टाकायची. सागाच्या फळ्या आणि चांगला मनिला फेकताना कुठल्याही सारंगाचा जीव वरखाली होणार.

तोवर आजची शिडी. पायलट ब्रिजवर पोचला, लाँच वळून परत निघाली. डेकवर दोघं वाकून शिडी ओढून घेतात, एकेक पायरी कठड्यावर खट्‌ खट्‌ वाजत वर येते. ती उलगडून ठेवतात, गोड्या पाण्याचा पाइप तिच्यावर धरतात, खार निघेपर्यंत. मग एक जण पाचव्या पायरीपासून दोरावरून अंगठा फिरवत वर जातो. एका जागी अंगठा थांबतो. तो तिथे दोर उलगडून आतला तंतू बघतो, नखानं खरवडतो, आणि दुसऱ्याला हाक मारतो.