बचतीसाठी सरकारने पैसे का द्यावेत?

विजेची बचत हा विषय शिकवताना वर्गातून एक प्रश्न यायला हवा. कमी वीज खाणारा पंखा घेतला तर बिल ज्याचे त्याचेच कमी होते. मग अशा वस्तूंसाठी सरकारने सवलत का द्यायची? आपल्याच फायद्याची गोष्ट करायला कुणी पैसे देते का?

प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधण्यासाठी आधी थोडा हिशेब करू.

जुन्या पद्धतीचा छताचा पंखा पूर्ण वेगाने फिरताना सुमारे ७५ वॉट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा जवळपास तेवढाच वारा सुमारे ३० वॉटमध्ये देतो. जुन्या मोटरच्या फिरत्या भागात विद्युतप्रवाह प्रेरित करावा लागतो आणि त्यात बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते. नव्या मोटरमध्ये त्या जागी कायमचे चुंबक असतात, त्यामुळे हा तोटा टळतो.

पंखा रोज १२ तास, वर्षातले ३०० दिवस चालतो असे समजा. जुन्याला वर्षाला २७० युनिट लागतील, नव्याला १०८. बचत १६२ युनिट. युनिटचा दर ७ रुपये धरला तर वर्षाला ११३४ रुपये वाचतात. नवा पंखा दीड हजाराने महाग असला, तरी जादा पैसे सोळा महिन्यांत वसूल. दीड हजार रुपये ठेवीत गुंतवून एवढा परतावा कुठे मिळणार?

तरीही लोक स्वस्त पंखाच घेतात. ते हिशेबात कच्चे आहेत म्हणून नव्हे. पहिली अडचण अशी, की पैसे आज मोजायचे असतात आणि बचत थोडी थोडी करून पुढे मिळते. हातावर पोट असणाऱ्याकडे आजचे दीड हजार नसतात. दुसरी अडचण भाड्याच्या घराची. पंखा मालक बसवतो आणि बिल भाडेकरू भरतो. महाग पंखा घेण्यात मालकाला रस कशाला असेल? तिसरी अडचण दराची. कमी वीज वापरणाऱ्याला स्वस्त दर लागतो. युनिटला ४ रुपये धरले तर तीच बचत वर्षाला ६४८ रुपये होते आणि पैसे वसूल व्हायला सव्वादोन वर्षांहून अधिक लागतात. म्हणजे ज्याला बचतीची गरज जास्त, त्याच्यासाठी हा सौदा सर्वांत अवघड.

आता सरकारच्या बाजूने पाहू. बिलात दिसते ती बचत पूर्ण नसते. कोळशावर चालणाऱ्या केंद्रात एक युनिट वीज तयार करायला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. वाटेत तारांमध्येही वीज वाया जाते. म्हणून घरात एक युनिट वाचले की केंद्रात एकाहून अधिक युनिट वाचते. धूर, राख आणि कार्बन डायऑक्साइड कमी होतो, पण त्याचा फायदा कुणाच्याच बिलात लिहिलेला नसतो. शिवाय गरीब घरांना वीज खर्चापेक्षा कमी दराने दिली जाते. तिथे वाचलेले प्रत्येक युनिट हा तूट भरून काढणाऱ्यांचाही फायदा असतो. फायदा सर्वांचा असेल तर खर्चाचा थोडा वाटा सर्वांनी उचलणे न्याय्य ठरते.

पण वाटा उचलायचा कसा? दोन उदाहरणे बोलकी आहेत.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये घरांच्या भिंती व छपरे उष्णतारोधक करण्यासाठी दीड अब्ज पौंडांची अनुदान योजना सुरू झाली. उद्दिष्ट होते ६ लाख घरांचे. मार्च २०२१ मध्ये ती नव्या अर्जांसाठी बंद झाली आणि हाती लागली ती सुमारे ४७,५०० घरे. पैसा होता, पण एवढ्या कमी वेळात काम करणारे प्रशिक्षित कारागीर उभे राहिले नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्याकडचे. ५ जानेवारी २०१५ रोजी देशभर सुरू झालेल्या, पुढे ‘उजाला’ नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत सरकारी कंपनी ईईएसएलने एलईडी दिवे एकगठ्ठा विकत घेतले. २०१४ च्या सुरुवातीला एका दिव्याची खरेदी किंमत ३१० रुपये होती; २०१६ मध्ये ती, कर वगळून, ३८ रुपयांपर्यंत उतरली. अनेक ठिकाणी ग्राहकाने सुरुवातीला १० रुपये द्यायचे आणि उरलेले बिलातून हप्त्याने फेडायचे अशी सोय होती. म्हणजे बचतीतूनच दिव्याची किंमत फिटत होती. दिव्यावर थेट अनुदान नव्हते, तरी ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. ‘पैसे आज, बचत उद्या’ ही गाठ इथे नेमकी सोडवली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ईईएसएलने एक कोटी पंख्यांसाठी अशीच योजना जाहीर केली.

एक सावधगिरी मात्र हवी. विल्यम जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवले होते, की वाफेची यंत्रे सुधारल्यावर कोळशाचा वापर घटला नाही, उलट वाढला. पंखा स्वस्तात चालतो म्हटल्यावर तो जास्त वेळ चालेल. रिकाम्या खोलीत फिरला तर ती उधळपट्टी. पण बिलाच्या भीतीने उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणाऱ्या घरात तो चार तास अधिक फिरला, तर त्याला उधळपट्टी म्हणायचे का? यावर वर्गात जरूर चर्चा घडवावी.

हे सारे मुलांना पडताळूनही पाहता येईल. घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती लुकलुक, तो आकडा मीटरवर छापलेला असतो. तो ३२०० असेल तर एक लुकलुक म्हणजे ३६,००,००० भागिले ३२००, म्हणजे ११२५ ज्यूल. मोठ्यांना सांगून बाकी सारी उपकरणे बंद करावीत, फक्त पंखा चालू ठेवावा आणि दोन लुकलुकींमधला वेळ घड्याळावर मोजावा. ७५ वॉटच्या पंख्याला १५ सेकंद लागतील, ३० वॉटच्या पंख्याला साडेसदतीस. मीटरला हात लावायचा नाही, नुसते पाहायचे.

प्रत्येकाने आपापल्या घरचा आकडा आणावा आणि फळ्यावर तक्ता मांडावा. मग वर्गालाच विचारावे: सवलतीसाठी पैसे मर्यादित असतील, तर यातले कोणते पंखे आधी बदलावेत?