सुपरमॅनचा निळा नेमका कुठला?

दिवाळी संपली आणि कंधारहून भाचीचा फोन आला, की मी ओळखतो: गॅदरिंग जवळ आलं. यंदाचा हुकूम असा होता, "मामा, मला सुपरमॅन व्हायचंय. पण जत्रेत मिळतो तसला चकचकीत ड्रेस नको. पिक्चरमधला पाहिजे. डिट्टो!"

सहावीतल्या पोरीनं 'डिट्टो' म्हटलं की मोठ्या माणसानं सावध व्हावं. मी झालो नाही. रविवारी एसटीनं नांदेडहून कंधार गाठलं आणि आम्ही दोघं बाजारात कापडाच्या दुकानात शिरलो. वाटलं होतं, पंधरा मिनिटांचं काम. निळं कापड, लाल कापड, संपलं.

दुकानदार काकांनी विचारलं, "निळं म्हणजे कोणतं निळं?"

भाचीनं मोबाइलवर फोटो दाखवला. मी तोच फोटो माझ्या मोबाइलवर उघडला. काकांनी त्यांच्या मोबाइलवर मागवून घेतला. तिन्ही मोबाइल शेजारी शेजारी ठेवले, तर तीन सुपरमॅन! एक शाईसारखा, एक जांभळट, एक धुवून धुवून विटलेला. फोटो मात्र एकच.

असं का होतं, ते घरी बघता येईल. बोटानं पाण्याचा अगदी बारीक थेंब मोबाइलच्या पडद्यावर ठेवा. (बारीकच! नाहीतर मार खाल, आणि माझं नाव सांगाल.) थेंब भिंगाचं काम करतो. पांढऱ्या दिसणाऱ्या जागी तुम्हाला लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतील. बस, एवढेच तीन रंग पडद्याकडे असतात. आपल्या डोळ्यांतही रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या, म्हणून या तिघांचं कमीजास्त मिश्रण करून पडदा आपल्याला हजारो रंग पाहिल्याचा भास करून देतो. आणि प्रत्येक कंपनीचे ठिपके थोडे वेगळे. मग कोणत्या मोबाइलचा निळा खरा मानायचा?

आम्ही भाचीचा मानला. तिचा ड्रेस होता ना!

काकांनी दोन तागे समोर उलगडले. दोन्ही हुबेहूब त्या फोटोसारखे. एक थोडा स्वस्त. मी म्हटलं, स्वस्तातला द्या. तेवढ्यात काका दोन्ही ताग्यांची टोकं धरून थेट दुकानाच्या पायरीवर उन्हात गेले. "मामा, इकडं या. काय बघूलालाव तिथं ट्यूबलाइटात?"

बाहेर गेलो आणि चक्रावलो. आत जुळे भाऊ वाटणाऱ्या दोन कापडांतलं एक उन्हात चक्क जांभळट दिसत होतं.

आमच्या आईच्या पिढीतल्या बायका साडी घेताना ती उजेडात नेऊन बघत. मला वाटायचं, उगाच वेळ काढतात. त्यामागं पक्कं विज्ञान आहे. कापडाला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर पडलेल्या उजेडातले काही रंग ते गिळतं आणि उरलेले परत पाठवतं. सूर्याच्या उजेडात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळी पंगत बसलेली असते. ट्यूबलाइटच्या किंवा एलईडीच्या पंगतीत मात्र काही पानं रिकामी. गडद तांबडा तर फारच थोडा. आता समजा, एका कापडाचा रंग निळा परत पाठवतो आणि सोबत थोडा गडद तांबडाही. दुकानातल्या दिव्यात मुळात तो तांबडा नाहीच, तर परत येणार कुठून? कापड निळं दिसतं. उन्हात तांबडा मिळाला की निळ्यात मिसळतो आणि कापड जांभळं होतं. घरात काळ्या दोऱ्याची दोन वेगवेगळ्या कंपन्यांची रिळं असतील तर उन्हात धरून पाहा. बरेचदा एक तपकिरीकडं झुकतं, दुसरं निळ्याकडं.

भाचीनं त्यावर वकिली प्रश्न टाकला. "मग खरा रंग उन्हातला की दुकानातला?"

या प्रश्नाचं उत्तर तुम्ही वर्षातून चार वेळा मान वर करून बघता! चार म्हणजे चारच: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, आणि आपल्या मराठवाड्याचा खास, १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा आपल्याला एक झेंडावंदन जास्त! तो तिरंगा कुठं तयार होतो? नांदेडला, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत, आणि त्याची खादी विणली जाते उदगीरला. म्हणजे 'डिट्टो' कापडाचे उस्ताद आपल्याच शेजारी. तिरंगा कसा असावा यासाठी भारतीय मानक आहे आणि त्याचा क्रमांक आहे एक: आय एस १. झेंड्याचे नऊ आकार ठरलेले. सगळ्यांत मोठा ६३०० मिलिमीटर लांब आणि ४२०० मिलिमीटर रुंद, सगळ्यांत छोटा १५० बाय १००. सूत कसं, वीण कशी, तेही ठरलेलं. पण मला सगळ्यांत आवडली ती रंगाची युक्ती. या मानकात नुसतं 'केशरी' लिहून भागवलेलं नाही. कारण तुमचा केशरी आणि माझा केशरी यात भांडण होणार. म्हणून तिथं केशरी आकड्यांत लिहिला आहे: ०.५३८ आणि ०.३६०. हे आकडे म्हणजे रंगांच्या नकाशावरचा पत्ता. शिवाय हा रंग कोणत्या उजेडात पाहायचा तेही सांगितलंय, दिवसाच्या उजेडासारख्या एका ठरावीक प्रकाशात. तेव्हा दुकानाच्या पायरीवर जाणारे काका आणि मानक लिहिणारे शास्त्रज्ञ एकाच शाळेतले.

पण सुपरमॅनचं मानक कुणी लिहिलेलं नाही! आणि त्याची खरी गंमत ऐकाल तर डोक्याला हात लावाल. १९५२ साली अमेरिकेत टीव्हीवर सुपरमॅनची मालिका सुरू झाली. जॉर्ज रीव्ह्ज नावाचा नट सुपरमॅन व्हायचा. चित्रीकरण कृष्णधवल. निळा आणि लाल हे दोन्ही रंग कृष्णधवल फिल्मवर जवळपास सारख्याच करड्या छटेचे येतात, म्हणजे पाठीवरची केप कुठं संपली आणि अंग कुठं सुरू झालं कळायचं नाही. म्हणून सुरुवातीच्या भागांत त्याचा ड्रेस होता तपकिरी आणि करडा! बघणारी पोरं घरी बसून मनातल्या मनात त्यात निळा-लाल भरायची. पुढं रंगीत चित्रीकरण सुरू झालं तेव्हा ड्रेसलाही रंग आले.

पुढचा घोळ १९७८ च्या सुपरमॅन सिनेमाचा. उडण्याची काही दृश्यं निळ्या पडद्यासमोर घेतली. निळं जे जे दिसेल ते काढून टाकायचं आणि तिथं आकाश भरायचं, अशी ती जादू. पण हिरोच निळा! त्याचं अंगही गायब व्हायचं, आणि आकाशात नुसतं मुंडकं, दोन हात आणि लाल केप उडत जायची. मग त्या दृश्यांसाठी ड्रेस हिरवट निळ्या रंगाचा केला आणि नंतर प्रक्रियेत तो निळा करून घेतला. आता सांगा, डिट्टो करायचा तर कोणता? तपकिरी, हिरवट, की तुमच्या मनातला?

भाची थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "रंग राहू दे. आधी कापड ताणतंय का बघू." शहाणी आहे.

ताणण्याचं गणित रंगापेक्षा सोपं. तुमच्या वडिलांचा रुमाल घ्या. तो साध्या विणीचा: उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा, एक वरून एक खालून. धाग्याच्या दिशेनं ओढा, हलत नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढा. लांबला! धागे ताणले गेले नाहीत, त्यांच्यातले चौकोन तिरके झाले, पतंगासारखे. शिंपी याला उरेब म्हणतात. आता बनियन ओढा. कुठूनही ओढा, येतंच. कारण तिथं ताणा-बाणा नाहीच, धाग्याची गोल गोल फासकी एकमेकांत अडकवलेली आहेत. ओढलं की गोलाची लांबट अंडी होतात, सोडलं की परत गोल. असं कापड करणारं पहिलं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं १५८९ साली केलं होतं, मोजे विणण्यासाठी.

सुपरमॅनचा अंगाबरोबरचा ड्रेसही आला तो असल्याच कापडातून, आणि आला सर्कशीतून. १८५९ साली पॅरिसमध्ये ज्यूल लिओतार नावाच्या फ्रेंच कसरतपटूनं उडत्या झोक्याचा खेळ पहिल्यांदा केला. सैल सदरा झोक्याला अडकला तर संपलंच, म्हणून तो घट्ट विणीचा कपडा घालायचा. आजही जिम्नॅस्ट मुली घालतात त्या कपड्याला त्याचंच नाव आहे. सर्कशीतले पहिलवान घट्ट पायजम्यावरून आखूड चड्डी घालायचे. (म्हणजे सुपरमॅनची चड्डी बाहेर का, याचं उत्तर मिळालं. घाईत चुकून नव्हे.) आपल्याकडंही विष्णुपंत छत्रे यांनी १८८० च्या सुमारास देशी सर्कस उभी केली होती.

सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला १९३८ साली. तेव्हा दुकानात मिळणारं 'फोर वे लायक्रा' अस्तित्वातच नव्हतं! त्यातला रबरासारखा धागा, स्पॅन्डेक्स, जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञानं १९५८ साली ड्यूपॉन्ट कंपनीत तयार केला. त्याच्या रेणूत दोन प्रकारचे तुकडे असतात. मऊ तुकडे गुंडाळी केलेल्या सुतळीसारखे पडलेले, ओढले की उलगडतात. कडक तुकडे गाठींसारखे, ते सगळं धरून ठेवतात आणि परत जागेवर आणतात. हा धागा स्वतःच्या पाचपट लांब होऊ शकतो. कापडात तो थोडाच असतो, बाकी नायलॉन नाहीतर पॉलिएस्टर. फोर वे म्हणजे आडवं-उभं दोन्हीकडं ताणणारं. टू वे घेतलंत तर हात वर होईल पण खाली बसता येणार नाही. आम्ही दुकानातच दहा सेंटिमीटरच्या दोन खुणा करून ओढून पाहिलं. पंधरापर्यंत आलं आणि सोडल्यावर पुन्हा दहावर. पास!

जत्रेतला ड्रेस नकली का वाटतो, तेही तिथंच कळलं. तो सॅटिनचा. सॅटिनमध्ये धागे बऱ्याच अंतरापर्यंत वरूनच धावतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि उजेड आरशासारखा एकाच बाजूला परततो. सिनेमातल्या ड्रेसला मात्र बारीक उंचवटे असतात, त्यांच्या चिमुकल्या सावल्या पडतात आणि कापड जाड, दमदार दिसतं. मोबाइलची बॅटरी कापडावर आडवी धरा, लगेच फरक कळतो.

पडद्यावरचं बघून कापड शोधणं झालं. याच्या उलटा प्रवास करणारी एक मोठी बाई आपल्या कोल्हापूरची: भानू अथय्या. १९६६ च्या 'आम्रपाली' सिनेमातल्या कपड्यांसाठी त्यांनी अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं अभ्यासली. दीड हजार वर्षांपूर्वीच्या रंगांवरून कापड ओळखायचं! ते कसं पडतं, किती पातळ आहे, अंगाला कुठं चिकटतं, हे ब्रशच्या रेघांवरून वाचायचं. 'गांधी' सिनेमात त्यांना दक्षिण आफ्रिकेतल्या सुटाबुटापासून पंचापर्यंतचा सगळा प्रवास कपड्यांतून दाखवायचा होता. त्यासाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

राहिली केप. हिच्यात ताण नको, वजन हवं, पण बेताचं. दुकानात त्याला जीएसएम म्हणतात, एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. ४० सेंटिमीटरचा चौकोनी रुमाल २० ग्रॅम भरला तर १२५ जीएसएम. हलकं कापड फडफडतं पण फुग्यासारखं फुगतं. जड कापड छान पडतं, पण उडत नाही. जड केप पाहायची असेल तर आपल्या शिवारातल्या धनगरबाबाच्या खांद्यावर बघा. सनगरांनी विणलेली घोंगडी! लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत रुततात आणि वीण दाट होते. पाऊस वरून ओघळून जातो. मी घोंगडीची केप सुचवली. भाचीनं माझ्याकडं जसं बघितलं, ते मी इथं लिहीत नाही.

शेवटी मध्यम वजनाचं लाल कापड, मोठा पन्हा, अर्धगोल कापून. शिंपीकाकांनी निळं सगळं झिगझॅग टाक्यानं शिवलं. सरळ टाका घातला असता तर कापड ताणलं गेल्यावर दोरा तटातट तुटला असता. केप मानेला बांधली नाही, बटणांवर लावली. कुठं अडकली तर बटण सुटावं, गळा आवळू नये. 

गॅदरिंगच्या दिवशी केप उडवायला मी विंगेत टेबल फॅन धरून उभा. सुपरमॅन ऐटीत स्टेजवर आला. निळा उन्हात पारखलेला, कापड फोर वे, टाके झिगझॅग. आणि लाइटवाल्या काकांनी हौसेनं भडक लाल दिवा सोडला.

परत पाठवायला निळा उजेडच नाही. सुपरमॅन गळ्यापासून पायापर्यंत काळा ठिक्कर! लाल केप तेवढी पेटल्यासारखी दिसत होती.

रात्री ताईच्या मोबाइलवर व्हिडिओ बघताना भाची एक शब्द बोलली नाही. मी समजूत घालायला शब्द शोधत होतो. दोन वेळा बघून तिनं मोबाइल ठेवला आणि म्हणाली, "मामा, पुढच्या वर्षी बॅटमॅन. कापड हेच चालतंय. त्या काकाला फक्त सांग, तोच लाइट ठेव म्हणून."