डोळ्यांत खडे टोचल्यासारखं होतंय? ड्रॉप आणताना बाटलीवरचं बारीक नाव वाचा

करमाळा (प्रतिनिधी) : ज्वारीची मळणी सुरू झाली की गावातल्या निम्म्या माणसांचे डोळे लाल. दिवसभर भुसकट, संध्याकाळी मोबाईल, आणि रात्रीची लाईट असली की पाण्याला जागरण. मग मेडिकलवर जाऊन "डोळ्याचा ड्रॉप द्या" म्हणायचं आणि देईल तो घालायचा. दोन वर्षांपूर्वी मीही हेच केलं. तीन दिवसांत डोळे स्वच्छ झाले, म्हणून तोच ड्रॉप अधूनमधून चार महिने घालत राहिलो. पुढे चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी डोळ्याचा दाब मोजला, तर वाढलेला. ड्रॉपमध्ये स्टिरॉइड होतं. बंद केल्यावर दाब उतरला, पण तसाच चालू ठेवला असता तर काचबिंदूची पाळी आली असती. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

मला खरं तर लागत होता तो नुसता ओलावा देणारा ड्रॉप. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर कायम असतो. पापण्यांतून येणारं तेल त्याच्यावर पसरतं, म्हणून तो लवकर वाळत नाही. वारा, धूळ, वय, मधुमेह, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनी हा थर बिघडतो. मोबाईल बघताना आपण पापणी कमी लववतो, त्यानेही. गंमत म्हणजे कोरड्या डोळ्याला उलट पाणी येतं. टोचलं की डोळा पाणी सोडतो, पण ते टिकत नाही. म्हणून "माझ्या डोळ्याला तर पाणी येतंय, कोरडा कसा?" असं म्हणू नका.

आता ड्रॉप. बाटलीवर कंपनीचं नाव मोठं आणि औषधाचं नाव बारीक इंग्रजीत असतं. वाचायचं ते बारीक. घरातल्या शाळकरी पोराला वाचायला लावा.

सगळ्यांत जास्त मिळतो तो कार्बोक्सिमिथाईल सेल्युलोज, म्हणजे सीएमसी. 0.5 टक्क्यांचा पातळ, दिवसा बरा. 1 टक्क्याचा घट्ट, जास्त टिकतो, पण घातल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं. तो घालून लगेच गाडीवर बसू नका. एचपीएमसी हा जुना प्रकार, काम तेच. सोडियम हायलुरोनेट पाणी धरून ठेवतो आणि बऱ्याचदा महाग पडतो. फार त्रास असेल तर रात्री झोपताना जेल किंवा मलम. यातला एकच सगळ्यांत भारी, असं काही ठरलेलं नाही. एकाला जो मानवतो तो दुसऱ्याला मानवेलच असं नाही. माझ्या मते आधी साधा सीएमसी घालून बघावा. जनऔषधी केंद्रात तो स्वस्त मिळतो.

बाटली टिकावी म्हणून बहुतेक ड्रॉपमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. बेंझाल्कोनियम क्लोराईड असेल तर ते वारंवार घातल्याने डोळ्यालाच चुरचुरतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ड्रॉप लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला मागा. तो एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांतही येतो. उघडलेली कुपी उद्यासाठी ठेवायची नाही. 2023 मध्ये अमेरिकेत भारतात बनलेल्या कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांशी जोडलेला जंतुसंसर्ग पसरला, काहींची नजर गेली, माणसंही दगावली. ते ड्रॉप बिनप्रिझर्व्हेटिव्हचे होते. म्हणून सील तुटलेली बाटली घेऊच नका.

आणि टाळायचं काय? डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन यातलं नाव दिसलं की ते स्टिरॉइड. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नको. लाली घालवणारे नॅफाझोलिनचे ड्रॉप कोरडेपणावर नाहीत. सारखे घातले तर सोडल्यावर डोळा जास्तच लाल होतो. सगळ्यांत वाईट म्हणजे उसाचं पान किंवा काडी डोळ्याला लागल्यावर स्टिरॉइड घालणं. अशा जखमेत बुरशी धरते, वरून स्टिरॉइड पडलं की ती फोफावते आणि बुबुळावर फूल पडतं. काडी लागली, दुखतंय, उजेड सहन होत नाही किंवा धूसर दिसतंय, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे. ओलाव्याचा ड्रॉप रोज घालूनही दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला तरी तपासणी करा. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी असतात, ते आधी विचारून जा.

घालायची पद्धतही बघा. हात धुवा, खालची पापणी ओढा, एकच थेंब. डोळ्यात त्यापेक्षा जास्त मावतच नाही, दुसरा गालावर जातो. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मग मिनिटभर डोळा मिटून ठेवा. दुसरा ड्रॉप असेल तर पाच-दहा मिनिटांनी. एक बाटली घरात सगळ्यांनी वापरायची नाही. बहुतेक बाटल्या फोडल्यापासून महिन्याभरात टाकून द्यायच्या असतात. मी फोडलेली तारीख पेनाने बाटलीवर लिहितो, आणि बाटली ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये उन्हात न ठेवता घरी फळीवर ठेवतो.