फांदीवरची केसाळ अळिंबी: आधी उलटी करून बघा

पाऊस लागल्यापासून ग्रुपवर एकाच गोष्टीचे फोटो येतायत. आंब्याच्या वाळक्या फांदीवर, सरपणाच्या ढिगावर पांढरट, केसाळ, छोट्या पंख्यासारखी अळिंबी. विचारणं दोनच: झाड जाईल का, आणि खाल्ली तर चालेल का?

नुसत्या वरून काढलेल्या फोटोवरून ओळख पटत नाही. खालची बाजू बघा. माशाच्या कल्ल्यासारख्या करड्या-गुलाबी पट्ट्या आणि प्रत्येक पट्टी मधोमध उभी चिरलेली दिसली, की ती *शायझोफायलम कम्युन*. आकार नखाएवढा ते दीड इंच, दांडा जवळजवळ नाहीच, हाताला चिवट. खात्री करायची तर वाळका तुकडा पाण्यात टाका, मिटलेल्या पट्ट्या हळूहळू उघडतात. म्हणजे उन्हात वाळली म्हणून ती मेली असं समजू नका. पुढच्या सरीला पुन्हा बीजाणू सोडते.

खाली पट्ट्यांऐवजी बारीक छिद्रं असतील तर ती वेगळी, बहुतेक ट्रॅमेटिस. तपकिरी, मऊ, कानासारखी आणि पाठीवर लव असेल तर ऑरिक्युलेरिया.

आता झाडाचं. ही मुख्यतः मेलेल्या लाकडावर जगते. जिवंत झाडावर दिसली तर तिथं आधीच काहीतरी बिघडलंय: उन्हानं साल भाजली, फांदी मोडली, नाहीतर छाटणीची जखम उघडी राहिली. बुरशी लाकडाच्या आत असते, त्यामुळे वरची अळिंबी खरवडून औषध मारणं म्हणजे पैसे पाण्यात. उघडीप बघून फांदी निरोगी लाकडापर्यंत कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा (१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, लोखंडी भांडं नको). कापलेलं लाकूड बागेत ठेवू नका.

खाण्याचं म्हणाल तर मणिपूरमध्ये ही आवडीनं खातात. पण आपल्याकडे फोटोवरून ओळखून रानातली कुठलीच अळिंबी ताटात घेऊ नका, पोरांना तर नाहीच. शिवाय हिचे बीजाणू क्वचित माणसाच्या सायनसमध्ये, फुप्फुसातही रुजतात. दमा असेल त्यांनी असलं लाकूड हाताळताना नाकाला रुमाल बांधाच.

शंका असेल तर तीन फोटो पाठवा: वरून, खालून आणि अख्ख्या झाडाचा. नमुना आणायचा तर कागदी पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये सडतो. सदाशिव पेठेतल्या आपल्या ऑफिसात द्या, सोबत झाडाचं नाव आणि गाव लिहा. मला नाही कळलं तर शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा प्रकल्प आहे, तिथं दाखवू.