सुलतानाची नमाज

गिरीश कार्नाड यांच्या 'तुघलक' (१९६४) या कन्नड नाटकात अमीर-उमराव सुलतान मुहंमदाला नमाजेच्या वेळी मारायचे ठरवतात. त्या वेळी कोणी शस्त्र बाळगू नये, हा सुलतानाचाच हुकूम! पण कट आधीच फुटलेला. पडद्यामागून भालेकरी येतात. मुहंमद नमाज पुरी करतो आणि शिहाबुद्दीनला स्वतः भोसकतो. अंगावर काटा येतो तो त्यापुढच्या हुकुमाने. शिहाबुद्दीन सुलतानाला वाचवताना शहीद झाला अशी दवंडी पिटा, त्याच्या वडिलांना दफनविधीला बोलवा! वडील एका मुलखाचे धनी. मुलगा शहीद ठरल्यावर सूड कोणावर उगवणार? पाठोपाठ नमाजेवरच बंदी. खलिफाचा वंशज आला की ती उठेल म्हणे. येतो कोण? त्याचा खून करून त्याच्या वेशात आलेला अझीझ, खोटी तांब्याची नाणी पाडणारा धोबी. आम्हा वाणिज्यवाल्यांना हे नाणे चांगलेच ओळखीचे.