कॉम्प्युटरचा माळा

आपल्या महाड-पोलादपूरकडच्या घराला ओटी असते, माजघर असते आणि वर माळा असतो. पाहुणा ओटीवर बसतो. माळ्यावर मात्र घरचं जाणतं माणूसच चढतं.

कॉम्प्युटरचेही तसेच आहे. सातबारा पाहणे, अर्ज भरणे, फोटो बघणे ही ओटीवरची कामे. ती कोणीही करावीत. यंत्राची आतली व्यवस्था बदलायची साधने माळ्यावर असतात. विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये त्या माळ्याला 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' म्हणतात.

तिथे जायचं कसं? कळफलकावर खाली डाव्या बाजूला चार चौकटींचे चिन्ह असलेली कळ असते. ती दाबून धरा आणि इंग्रजी 'आर' अक्षर दाबा. एक छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजी अक्षरे लिहा : एस, वाय, एस, डी, एम, मग टिंब, मग सी, पी, एल. मध्ये जागा सोडू नका. एंटर दाबा. झालं! माळ्याचे दार उघडले.

मात्र फोनवर कोणी अनोळखी माणूस 'ही कळ दाबा, ती दाबा' असे सांगू लागला, तर फोन ठेवून द्या. तो चोर असू शकतो. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लगेच १९३० या नंबरावर कळवा.

आता वरच्या बाजूला पाच नावे दिसतील. चौथे नाव 'सिस्टिम प्रोटेक्शन'. म्हणजे यंत्राची राखण.

समजा, पंचायतीच्या कॉम्प्युटरला नवा प्रिंटर जोडायचा आहे. त्यासाठी नवा प्रोग्रॅम घालावा लागतो. कधी कधी तो घातला की यंत्र रुसून बसतं. म्हणून आधी खूण करून ठेवावी. 'सी' ड्राइव्हपुढे 'ऑफ' असे दिसले, तर 'कॉन्फिगर' दाबून राखण चालू करा. मग 'क्रिएट' दाबा आणि खुणेला नाव द्या.

पुढे बिघाड झाला तर इथेच येऊन 'सिस्टिम रिस्टोअर' दाबा आणि ती खूण निवडा. यंत्राची व्यवस्था पुन्हा त्या दिवसासारखी होते. खुणेनंतर घातलेले प्रोग्रॅम निघून जातात. तुमची पत्रे आणि फोटो मात्र जागच्या जागी राहतात.

पण मंडळी, एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ही खूण यंत्राच्या पोटातच असते. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले. घरे बुडाली, दुकाने बुडाली. अशा पाण्यात यंत्र गेले, की खूणही गेली आणि कागदही गेले.

आपण सगळं बियाणं एकाच कणगीत ठेवतो का? नाही. मग कागदांचेही तसेच करावे. महत्त्वाच्या कागदांची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी. ती पुराचे पाणी पोचत नाही अशा गावी, विश्वासाच्या माणसाकडे ठेवावी.

बदल करण्याआधी खूण, आणि पावसाआधी नक्कल. एवढे केले तर यंत्र बिघडले तरी काम अडणार नाही.